गंगेच्या वाळूत पाच मणी

बीड जिल्ह्यात सोनं सापडत नाही. ही गोष्ट माझ्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होती.

माझं उमापुरात भांड्यांचं दुकान आहे. बावन्नाव्या वर्षी गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा डॉक्टर म्हणाले, जरा चालत जा, एखादा छंद लावून घ्या. त्यांच्या मनात भजन किंवा बागकाम असावं. मी मोबाइलवर परदेशातला एक दाढीवाला माणूस बघितला. तो गुडघाभर पाण्यात उभा राहून थाळीत वाळू घोळवत होता आणि शेवटी थाळीच्या कडेला एक बारीक पिवळी रेघ उरत होती. व्हिडिओ मागं नेऊन ती रेघ मी पुन्हा पुन्हा बघितली. डोंगरातून सुटलेलं सोनं हजारो वर्षं वाहत येतं आणि कुठल्यातरी वळणावर गुपचूप बसून राहतं, कुणीतरी वाकून बघेपर्यंत! शिवाय सामान घरचंच. दुकानात छताला पराती टांगलेल्या होत्याच.

सोनं हुडकायचं म्हणजे आधी जागा हुडकायची, हे मी शिकलो. नदी वळते तिथं आतल्या अंगाला तिचा वेग मंदावतो, तिथं जड माल खाली बसतो. मोठ्या दगडाच्या आडोशाला बसतो. काठच्या गवताच्या मुळांत अडकतो. मग दर रविवारी दुकान शैलावर, म्हणजे बायकोवर सोपवून मी परात घेऊन निघायला लागलो. सिंदफणा नदीची तीन वळणं झाली, दोन-चार ओढे झाले, मग गंगा. (गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. खऱ्या गंगेला 'वरची' म्हणतात.)

सोबत कधीकधी शैलाचा भाऊ प्रकाश असायचा. चकलांब्याला त्याची शेती आहे, आणि डोकं शेतकऱ्याचं, म्हणजे साफ.

"दाजी, हितं ऊस निघतो, कापूस निघतो," तो काठावर बसून म्हणायचा. "आपला खडक काळा हाय. काळ्या खडकातून सोनं कावून यील?"

"तू कधी वाकून बघितलंस का?"

"न्हाई."

"मग?"

यावर तो तंबाखू मळायला घ्यायचा. (उत्तर माझ्याकडंही नव्हतं. पण प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर लागत नाही.)

पाचव्या रविवारी परातीच्या तळाशी काहीतरी चमकलं. पिवळं, पातळ, सात-आठ कण. ते मी कागदाच्या पुडीत बांधले, पुडी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी गेवराईला सराफाकडं गेलो. त्यानं भिंग डोळ्याला लावलं, काढलं, पुसलं, परत लावलं.

"आप्पा, ही बेगड हाय," तो म्हणाला. "गणपतीच्या मुकुटाची."

माझं तोंड बघून त्याला दया आली असावी. "सोनं धुताना बघायचंय का? मागच्या बोळीत जावा. भागाबाई बसली असंल."

भागाबाई झारेकरीण. सराफांच्या दुकानातला केर, दारासमोरची धूळ, गटारातला गाळ विकत घ्यायचा आणि तो धुऊन त्यातून सोन्याची कणी काढायची, हा तिचा पिढीजात धंदा. साठीची, काटकुळी बाई. पुढ्यात पाण्याचं घमेलं आणि हातात लाकडाची उथळ पाटी. पाटीत काळा चिखल, केस, मोडकी टाचणी, चहाची पावडर. तिनं पाटी पाण्यात बुडवली आणि मनगट नुसतं हलवलं, बाळाचा पाळणा हलवावा तसं. चिखल गेला. केस गेले. टाचणी तिनं दोन बोटांनी उचलून टाकली. शेवटी चमचाभर काळी वाळू उरली. तिला तिनं एकच हलका झोका दिला आणि वाळू बाजूला सरकून मागं राहिली सोन्याची धूळ. उन्हात पेटलेली.

मी तिथं तीन तास बसलो. जेवण विसरलो, गुडघे विसरलो. बावन्न वर्षांत मी सोनं अंगावर बघितलं होतं, पेटीत बघितलं होतं. चिखलातून जन्माला येताना कधी बघितलं नव्हतं.

"मावशी, मला हे शिकायचंय. गंगेत सोनं हुडकायचंय."

तिनं वर न बघता विचारलं, "परातीत सोनं आलं तर ते तुमाला दिसंल का? का पाण्यासंगं सोडून द्याल?"

"काय माहीत."

"मग आदी जे हाय ते हुडकून दाखवा. जे न्हाई ते मागून हुडका."

या वाक्यानं माझा घात केला.

पुढच्या आठवड्यात प्रकाशच्या पोरीचं लग्न होतं, गुरुवारी. शैलाच्या मंगळसूत्राचा दोरा तुटला होता आणि ते नव्यानं गाठून घ्यायला सोमवारी द्यायचं होतं. तोवर सोन्याचे मणी कपाटात एका छोट्या डबीत. ते तिच्या आईनं लग्नात घातलेले. मी त्यातले पाच घेतले. उसने घेतले, असं स्वतःला सांगितलं. रविवारी स्कूटरवर बसून गंगेच्या माझ्या लाडक्या वळणावर आलो, परातीत वाळू भरली, त्यात पाच मणी मिसळले आणि भागाबाईसारखं मनगट हलवायला लागलो.

पाचही मणी आले. पुन्हा केलं. पुन्हा पाच! इथं शहाणा माणूस घरी गेला असता.

पण खरं सोनं काय परातीत बसून आपली वाट बघतं? ते नदीत असतं. म्हणून मी मणी एका दगडाच्या आडोशाला वीतभर खोल पुरले, खुणेला काठी रोवली, काठीला रुमाल बांधला आणि जागा थोडी विसरावी म्हणून बाभळीखाली चहा प्यायला गेलो. थर्मासचं टोपण उघडतोय तोच पाठीमागून म्हशी आल्या. तीस तरी असतील. त्या माझ्या दगडाच्या चहूबाजूंनी पाण्यात उतरल्या, बसल्या, लोळल्या, उठल्या. ओरडत मी तिथं पोचलो तेव्हा काठी नव्हती. रुमाल एका म्हशीच्या तोंडात होता आणि ती तो शांतपणे चावत होती.

मी खणायला लागलो. दगड एक होता असं मला आठवत होतं. आता सहा दिसत होते. तासाभरानं म्हशींचा मालक, एक म्हातारे बाबा, जवळ येऊन उभे राहिले.

"काय हरवलं?"

बायकोचं मंगळसूत्र नदीत पुरलं, हे कसं सांगायचं? मी म्हणालो, "हरवलं काई न्हाई. सोनं हुडकतोय."

"गंगंत?"

"हां."

बाबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. घामानं निथळणारा, चिखलानं माखलेला, उमापूरचा चांगला दुकानदार. इतका जाणता माणूस उगाच खणत नसणार, असा त्यांनी हिशोब केला असावा. त्यांनी कोपरीच्या खिशातून मोबाइल काढला.

तासाभरात तिथं चाळीस माणसं खणत होती. घमेली, खोरी, टिकाव. एकानं पिठाची चाळणी आणली होती.

"अहो, हितं काई न्हाई," मी सगळ्यांना सांगत फिरलो.

"काई न्हाई तर तुमी कावून खणताव?" चाळणीवाल्यानं विचारलं.

आणि नेमका त्या बाबांना मणी सापडला.

त्यांनी तो तळहातावर ठेवला आणि सगळ्यांची खोरी थांबली. लोक एकेक करून जवळ आले. काहींनी हात जोडले. "गंगामाय पावली," कुणीतरी हळूच म्हणालं. मणी माझाच होता, तरी बघायला मीही गर्दीत घुसलो. ओल्या वाळूतून वर आलेलं सोनं वेगळंच दिसतं.

मग खणणं दुप्पट झालं. बातमी उमापुरात पोचली असावी, कारण थोड्या वेळानं काठावर एक टेम्पो थांबला. त्यातून उमापूरच्या आठ-दहा बायका उतरल्या आणि पुढं शैला. तिच्या हातात आमच्या दुकानातली सगळ्यात मोठी परात, किमतीच्या चिठ्ठीसकट.

"मी ह्यांना येडं म्हणत व्हते," ती बायकांना सांगत होती. "सगळेच म्हणत व्हते. पण ह्यांनी सोडलं न्हाई."

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. माझ्याकडं बघताना तिच्या तोंडावर असा अभिमान मी पहिल्यांदा बघितला. म्हैस होऊन पाण्यात बसावं, असं मला झालं.

"बाबा, बघू मला बी," शैला म्हणाली. बाबांनी मणी तिच्या हातावर ठेवला. तिनं तो फिरवला. एका बाजूला बारीक पोचा होता. आमच्या थोरल्या लेकीला दात येत होते तेव्हा तिनं मंगळसूत्र तोंडात घालून तो पाडलेला. शैला त्या पोच्यावरून अंगठा फिरवत राहिली. मग तिनं माझ्याकडं बघितलं.

"बाकीचे किती?" तिनं अगदी हळू विचारलं.

"चार."

"कुठं हायती?"

मी हात फिरवून चाळीस माणसं, तीस म्हशी आणि गंगा दाखवली.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती वाळूत बसली आणि म्हणाली, "माझ्या मायनं घातलेलं व्हतं. ती गेल्यावर तेवढंच ऱ्हायलं व्हतं." मग माझ्या तोंडून सगळं खरं बाहेर आलं, चाळीस जणांसमोर, भागाबाईच्या वाक्यासकट. कुणी हसलं नाही. बाबांनी मणी परत मागितला नाही.

प्रकाश तेवढ्यात लग्नपत्रिकांची पिशवी घेऊन येऊन पोचला होता. त्यानं ऐकलं, मोटारसायकल वळवली आणि गेवराईहून भागाबाईला मागं बसवून घेऊन आला.

ती उतरली आणि आधी तिनं सगळ्यांना वर काढलं. "जेवढं तुडवाल तेवढं खाली जाईल." मग एकटीच वाळूत चालली, बसली, हात कोपरापर्यंत खाली खुपसला. "हितं खाली चिकणमाती हाय. म्हशीच्या खुरानं मणी तिथपस्तोर नेला असंल. त्याच्या खाली सोनं जात न्हाई." तिनं बोटानं वाळूवर एक चौकोन आखला. त्याची वरची वाळू काढून खालचा चिखल बायकांनी घमेल्यांनी पाण्याकाठी आणायचा आणि तिनं धुवायचा. पहिलं घमेलं शैलानं उचललं.

चाळीस माणसं काठावर कीर्तनाला बसल्यासारखी बसली होती. तिचं मनगट हलायचं, चिखल जायचा, सगळ्यांच्या माना पाटीबरोबर डोलायच्या. पाचव्या घमेल्याला एक मणी आला. नवव्याला दोन, एकमेकांना चिकटून. ऊन उतरलं, पाणी तांबूस झालं आणि सतराव्या घमेल्याला शेवटचा. शैलानं तो पदरात बांधला आणि तोंडावरून हात फिरवला.

पण भागाबाईची पाटी थांबली नव्हती. काळ्या वाळूच्या टोकाला आणखी काहीतरी होतं. तीळभर. पिवळं.

"मावशी, हे बी माझंच?" मी विचारलं.

"न्हाई."

"बेगड?"

"सोनं हाय."

मी वाकलो. प्रकाश वाकला. काळ्या खडकाच्या मुलखात, माझ्याच वळणावर, खरं सोनं.

"मग कुठून आलं?"

"माणूस गेल्यावर तोंडात ठिवत्यात ना सोन्याची कणी," भागाबाई म्हणाली. "राख गंगंत येती. कुणाची तरी असंल. लई वर्साची."

आमच्या लिंगायतांत पुरतात, त्यामुळं हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. कुणाच्या तरी लेकरानं शेवटचं म्हणून ठेवलेलं, नदीनं इतकी वर्षं सांभाळलेलं, आणि मी ते परात घेऊन हुडकत होतो. भागाबाईनं पाटी हळूच तिरकी केली. तो तीळ पाण्यात गेला. काठावरच्या माणसांनी न सांगता हात जोडले. मीही.

मंगळसूत्र वेळेवर गाठून झालं. शैलानं भागाबाईला साडी-चोळी केली आणि ती नेसून भागाबाई लग्नाला आली, पहिल्या पंगतीला बसली. शैला माझ्याशी बुधवारी रात्रीपासून बोलायला लागली.

मी अजून रविवारी जातो, नदीची वळणं नुसती बघायला. शैला नाही म्हणत नाही. जगात सोन्याच्या खाणीवर कामगार बाहेर पडताना त्याची झडती घेतात म्हणे. माझी दर रविवारी सकाळी घेतात, घरातून निघताना.