ओढ्यातले चार टायर

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. बर्फासाठी गाडीला हिवाळ्याचे वेगळे टायर बसवताना रबराचा वास आला, की स्टुटगार्टचं ते घर आठवतं. घरामागच्या जंगलातल्या ओढ्यात लोक गाड्या आणून कचरा टाकत आणि शेजारचे जर्मन आजोबा एकटेच तो उपसत. मला ते 'हेर नाखबार', म्हणजे शेजारीबुवा, म्हणायचे. ओढ्याकडे येणाऱ्या गाड्या अडवायला जंगलातल्या वाटेवर फाटक बसवावं, म्हणून त्यांनी सरकारी अनुदान मागितलं. "हेर नाखबार, कॅमेरा तुमचा, चिखल माझा!" म्हणत पुराव्याचे फोटो त्यांनी माझ्यावर सोपवले. ओढ्यात कचऱ्याच्या अगदी वर चार टायर होते, त्यांवर गॅरेजवाल्याने खडूने लिहिलेलं माझं आडनाव. जुने टायर कुठे द्यायचे हे विचारायची लाज वाटली, म्हणून मीच ते टाकले होते. मी नुसती झाडं टिपली. 'फोटोत कचरा दिसत नाही' असं कळवून अर्ज नाकारला गेला. आजोबा पुन्हा एकटेच ओढ्यात उतरले. एका सकाळी ते चार टायर आमच्या दारात धुऊन ठेवलेले होते, नाव पुसलेलं. त्यानंतर ते रोज 'मोर्गन', म्हणजे सुप्रभात, म्हणत, पण 'हेर नाखबार' कधीच नाही. पुढच्या हिवाळ्यात ते गेले. वाट अजून उघडीच आहे. त्यांचं ते फाटक मी देणं लागतो.