माशाला मीठ कमी पडलंय

माझ्या धाकट्या दिरांचा कुठलाच नाद वर्षापुढे गेलेला मला आठवत नाही. खाऱ्या पाण्यातल्या माशांचा मात्र दीड वर्ष टिकला, तो बहुधा पैसे फार अडकले होते म्हणून. मग ठाण्याच्या घरात पाळणा हलला आणि शंभर लिटरची काचेची टाकी, पंप, खास मिठाचे डबे आणि जगलावाचलेला एकच नारिंगी-पांढरा मासा टेम्पोत घालून जव्हारला आमच्या बैठकीच्या खोलीत आला. तुमच्याकडची हवा थंड, त्याला मानवेल, असं ते म्हणाले. समुद्रातला मासा डोंगरावर हवापालटाला पाठवणारे आमच्या घराण्यातले ते पहिलेच.

जाताना सूचना देऊन गेले. पाणी कमी दिसलं की तेवढंच भरायचं, लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ कालवून. आमच्या ह्यांनी ते वेदवाक्य मानलं. मापाने पाणी, तराजूवर मीठ, रोज सकाळी. घरात दुसरं कुठलं काम ह्यांनी इतक्या निष्ठेने केलेलं मी पाहिलेलं नाही.

माशाची खरी मालकीण झाल्या सासूबाई. पोशेरा गावातल्या शेतात वाकून वाकून त्यांचे गुडघे गेले होते. दिवसभर टाकीजवळच्या खुर्चीत बसून असायच्या. टाकीचं झाकण त्यांनी काढायला लावलं, कारण मासा त्यांच्या बोटातून दाणा घ्यायला वर यायचा. त्याच्यासमोर सुकट खायची नाही म्हणून त्या ताट घेऊन स्वयंपाकघरात येऊ लागल्या. ज्या बाईने जन्मभर सुकटीवर भाकरी खाल्ली, तिची ही लाज.

एप्रिलात मासा वर यायचा थांबला. पंपाचं पाणी जिथे पडतं त्या कोपऱ्यात नुसता लटकून राहायचा, कल्ले भराभर हलायचे. दाणे तळाशी जाऊन कुजायला लागले. सासूबाईंची भाकरी अर्धीच्या अर्धी परत येऊ लागली.

मग वैद्य जमले. समोरच्या घरातले गुरुजी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी हात पाठीमागे बांधून टाकीला प्रदक्षिणा घातली. काचेच्या कडेला पांढरा थर साचला होता, ती बुरशी आहे आणि तीच माशाला लागली, असं निदान केलं. हात मात्र लावून पाहिला नाही. विज्ञानाला हात लावायची त्यांना कधी सवयच नव्हती. ह्यांनी भारनियमनाला दोष दिला. ते खरं वाटलं असतं, पण वीज गेली की चालणारा सेलवरचा पंप ह्यांनी स्वतःच बसवला होता आणि तो चालत होता. फोनवर दिरांनी एका वाक्यात निकाल दिला. "माशाला मीठ कमी पडलंय, वहिनी. समुद्राचा आहे तो." गुरुजींनाही ते एकदम पटलं. ह्यांनी त्या संध्याकाळी एक मूठ जास्त टाकलं. मासा आडवा व्हायचा बाकी राहिला.

मी कडेची बुरशी नखाने खरवडली आणि जिभेला लावली. मीठ होतं.

पुढचं कळायला शाळा लागत नाही, चूल लागते. आमटी आटली की खारट होते. वाफ जाते ती पाण्याची, मीठ भांड्यातच राहतं. आटलेल्या आमटीत आपण साधं पाणी घालतो, पुन्हा मिठाचं नाही. पण ह्या तिघांपैकी कुणी आयुष्यात आमटी केली नव्हती, फक्त खाऊन नावं ठेवली होती. झाकण उघडं, डोंगरावरचा उन्हाळी वारा, रोज सव्वा लिटर पाणी उडत होतं. महिन्याचा हिशेब केला तर सव्वा किलोच्या वर मीठ जादा गेलं होतं, ते शंभर लिटरच्या टाकीत.

हिशेबावरही विसंबले नाही. सामानाच्या खोक्यात, दूध तपासायला असते तशी एक तरंगणारी काचेची नळी न उघडता पडली होती. ती टाकीत सोडली. सोबतच्या कागदाप्रमाणे समुद्राच्या पाण्यात ती एक दशांश शून्य पंचवीसवर राहायला हवी होती, छत्तीसवर राहिली. मी ह्यांना दाखवली. नळी बिघडलेली असेल, असं हे म्हणाले. साध्या पाण्यात सोडून दाखवली, बरोबर एकवर उभी राहिली. मग हे पेपर वाचू लागले.

त्याच रविवारी दीर निळ्या औषधाची बाटली घेऊन आले. रोग कुठला ते त्यांना माहीत नव्हतं, औषध मात्र माहीत होतं. मी म्हटलं, त्याला रोग नाही, पाणी खारट झालंय. रोज चार लिटर काढायचं आणि रात्रभर साठवलेलं साधं पाणी घालायचं, हळूहळू, एकदम नाही. ते हसले.

"वहिनी, हा मासा आहे, कढी नाही."

सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, "बाटली ठेव बाजूला. तिच्या हातची आमटी कधी खारट लागली का तुला?"

"आई, तुला यातलं..."

"तिला करू दे म्हटलं ना."

दिरांनी बाटली कपाटात ठेवली आणि मासा मेला तर मला सांगू नका, असं बजावून गाडीत बसले. मी मग्याने पाणी काढत-घालत राहिले आणि रोज नळी पाहत राहिले. ती बत्तिसावर आली तेव्हा कल्ल्यांची धाप कमी झाली. अठ्ठाविसावर असताना मासा कोपरा सोडून निघाला आणि सासूबाईंच्या बोटाला धडकला. दाणा घेतला, टाकला, परत घेतला. दुपारी ताट घेऊन स्वयंपाकघरात आल्यावर त्यांनी सांगितलं, सुकट जरा जास्त वाढ.

गणपतीत दीर आले. पाहुण्यांना टाकी दाखवून म्हणाले, मरायला टेकला होता, माझ्या निळ्या औषधाने वाचला. गुरुजी मान हलवत होते, बुरशीवर तेच लागतं म्हणून. मी कपाटातली बाटली आणून दिरांच्या ताटाशेजारी ठेवली. सील शाबूत होतं. त्यांनी ते पाहिलं, आमटी वाढून घेतली आणि पावसाचा विषय काढला.