कव्हरच्या आतलं नाव

जळालेली मोटर तांब्याच्या नव्या तारेनं भरून झाली की कव्हरच्या आतल्या बाजूला लाल वार्निशनं नाव आणि तारीख लिहायची, ही सत्तारची जुनी खोड. दुकानाला पाटी नाही. "ज्याला मोटर खोलता येते, त्याला कळतंय की माझं नाव," असा त्याचा तोरा.

जुन्नरच्या बाजारात त्यानं दुकान टाकलं तेव्हा विहिरींवर डिझेलची इंजिनं धडधडायची. मग विजेच्या मोटरी आल्या, आणि वीज अशी गुणाची की दर उन्हाळ्यात निम्म्या जळायच्या. सत्तारला जेवायला फुरसत नसायची. आता शेतोशेती सोलरचे पंप. ऊन फुकट, पाच वर्षांची गॅरंटी आणि वर कंपनीचं सील; दुसऱ्या कुणी खोललं की गॅरंटी गेली. माझं उन्हाशी काही वाकडं नाही, पण शेजारच्या माझ्या दुकानातून सत्तारला माशा मारताना बघवत नाही.

गेल्या मे महिन्यात डिंगोऱ्याचे भिमाजी आले. तीस वर्षांचं गिऱ्हाईक. सोलरची मोटर बंद, कंपनीचा माणूस आठ दिवस फोनवर "उद्या येतो" म्हणतोय, टोमॅटोनं माना टाकल्यात.

"सत्तारभाऊ, खोल. व्हईल ते व्हईल."

सत्तारनं सील काढलं, मोटर भरली आणि सील पुन्हा असं बसवलं की बनवणाऱ्यालाही कळू नये. पाणी आलं, टोमॅटो वाचले. कितीतरी महिन्यांनी तो त्या दिवशी मोठ्यानं हसला.

दिवाळीनंतर भिमाजींच्या पॅनेलखालचा कंट्रोलर जळाला. मोटरीचा त्यात काडीचा दोष नव्हता. पण कंपनीच्या माणसानं तपासायला म्हणून तीही वर काढून खोलली. आत लाल अक्षरं: सत्तार, १२ मे. गॅरंटी तिथंच रद्द झाली.

भिमाजी दुकानात आले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"नाव कशाला टाकलं राव? सील तर लई झ्याक बसवलं व्हतं."

"हाताची सवय, भाऊ," एवढंच सत्तार म्हणाला.

भिमाजी पुन्हा आले नाहीत. सत्तारनं हात लावला की गॅरंटी जाते, हे मात्र गावोगाव पोचलं.

काल एक जुनी विजेची मोटर आली, महिन्यातली पहिलीच. तिला कसली गॅरंटी आणि कसलं सील! सत्तारनं ती जीव लावून भरली आणि वार्निशमध्ये ब्रश बुडवला.

"चाचा," गिऱ्हाईक म्हणालं, "नाव तेवढं नका टाकू."

सत्तारनं ब्रश चिंधीला पुसला आणि कव्हर कोरंच बसवलं.