शंभरावी सही

बिरदेवा, यवतला लेकीकडं जाऊन बसलास म्हणून सुटलास असं समजू नकोस.

तीस वर्षं तू आपल्या ग्रामपंचायतीचा शिपाई. ग्रामसभेला कोरमपुरती शंभर माणसं दाखवायची युक्तीही तुझीच: सकाळी रजिस्टर घेऊन डेअरीवर उभं राहायचं आणि दूध मोजून होईपर्यंत सही उरकायची. अकराच्या सभेला मग सरपंच आणि खुर्च्या.

त्या खेपेला मात्र काम तुझ्या घरचं होतं. केंद्राच्या महामार्गवाल्यांनी गावासमोरच्या दुभाजकातली वाट बुजवायचं ठरवलं. तुझी वस्ती पलीकडं. तुझ्या बायकोला, म्हाळसेला, दुधाची किटली घेऊन डेअरीवर यायला रोज तीन किलोमीटरचा वळसा पडणार. मी ठराव लिहिला: ग्रामनिधीतून वकिलाची फी द्यायची आणि हायकोर्टात जायचं.

ग्रामसेवक टरकले. "काकू, सरकारी पैशानं सरकारवरच केस?"

"राज्यं केंद्रावर केस करतात, ती काय मुख्यमंत्र्यांच्या खिशातून? शिवाय घरपट्टी आमची आहे."

तुला बजावलं होतं, "माणसं खरंच जमली की मला बोलवायला ये. रिकाम्या खुर्च्यांपुढं मी ताटकळणार नाही."

"व्हय काकू, पळतच येतो."

इस्त्रीची साडी नेसून एक वाजेपर्यंत बसले. तू कुठला येतोस! सकाळीच शंभर भरले होते. "मग तुमाला कशाला तरास म्हणलं."

आणि शंभरावा कोण? तुमच्या वस्तीत भाड्यानं राहणारा, महामार्गाच्याच ऑफिसातला ज्युनिअर इंजिनिअर! अर्धा लिटर दूध न्यायला आला होता. ठरावाची नक्कल त्याच ऑफिसात गेली आणि साहेबांना आपल्याच माणसाची सही दिसली.

"सर, मैं तो दूध लेने गया था. लगा, दूध का रजिस्टर है."

तुला विचारलं, तर म्हणालास, "डेअरीचं दूध पितोय, म्हंजी गावचाच की!"

तो गावचा मतदार नाही म्हणून गटविकास अधिकाऱ्यांनी ती सही खोडली. राहिल्या नव्व्याण्णव. ठराव रद्द, वकील रद्द. पुढच्या सभेची नोटीस लागेपर्यंत दुभाजकाचं सिमेंट वाळलंसुद्धा.

म्हाळसा कडाडली, "ज्याच्यावर केस, त्याचीच सही! आता किटली तूच ने." मी पोट धरून हसले. चार महिन्यांनी तिनं म्हशी विकल्या, तेव्हा नाही हसले.

ग्रामपंचायत माझ्या दारापासून चाळीस पावलं. उठून गेले असते तर शंभर भरले असते, कबूल. पण बोलवायला येतो म्हणाला होतास, बिरदेवा. अजून आलेला नाहीस.