पडकईचा नकाशा

अंगणात टेकल्या की मॅडम पिशवीतून भलामोठा कागद काढत, जमिनीवर पसरत आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून कडेनं दगड ठेवत. कागदावर नुसते ठिपके आणि रेघांचं जंजाळ. तुम्ही पाहिलं असतंत तर म्हणाला असता, बाई भविष्य सांगते की काय! "एकट्याला काय विचारता, त्याची सोबत कुणाशी ते विचारा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मॅडम मूळच्या डिंगोरे गावच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. पुण्यात प्रथिनांवर संशोधन करत. मी तेव्हा, म्हणजे दोन हजार सालाच्या आगेमागे, तळेघरच्या बाजूला सरकारी दवाखान्यात रक्त तपासायचो. तिथल्या एका घरात दोन भावांचे पाय वयात येता येता लुळे पडत चालले होते. नेहमीच्या तपासणीत काही सापडेना, म्हणून मी नमुने पुण्याला पाठवले. उत्तराच्या चिठ्ठीऐवजी एसटीनं मॅडमच आल्या.

त्या घरात सगळ्यात जास्त सोसलं ते पोरांच्या आईनं. "हिच्याच रक्तानं आलं," असं सासू येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. ही बिचारी खाली मान घालून चहा ठेवायची.

मॅडमनी तिलाच कागद दाखवला. पुण्याची भाषा त्या पुण्यात ठेवून येत. "ह्ये ठिपके म्हंजी अंगातली प्रथिनं. रेघ हाय तिथं दोघं मिळून काम करत्यात. ज्याच्यावर संशय व्हता त्ये धडधाकट निघालं. आता त्याचे सोबती तपासायचे."

"म्हंजी आमची पडकईच की," ती म्हणाली. पडकई म्हणजे आज सगळ्यांनी तुझ्या खाचरात राबायचं, उद्या माझ्या. "एक गडी आला न्हाई, की दुसऱ्याचा बांध ऱ्हातो."

मॅडम इतक्या हरखल्या की चहा निवून गेला.

पुढे तीन वर्षं काहीच कळलं नाही. त्या बाईला उगाच आशा लावली म्हणून मी मॅडमवर मनातून चिडलो होतो.

आता मॅडम नाहीत. आठवते ती त्यांची शेवटची खेप. भर दुपारी चढ चढून धापा टाकत आल्या. एका सोबत्यात दोष सापडला होता. औषध नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. "पण ह्ये दोन्हीकडून आलंय, बाई. निम्मं तुझ्याकडून, निम्मं मालकाकडून. तुझ्या एकटीचं असतं, तर पोरं चालली असती."

मला वाटलं, आता ही रडणार. पण तिनं पदर खोचला आणि घराकडे पाहिलं.

"ताई, जरा मोठ्यानं सांगा. सासूबाई आत हायेत."

मॅडम उठल्या, दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.