आत्याच्या नावाची कॅरलफेरी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, चर्चच्या पाळकसाहेबांना नाही. प्रार्थनेत डोळे मिटून देवाशी सगळं बोलते असं म्हणते ना मी — तिथंही या एका गोष्टीला वळसाच घालत आले. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल कदाचित.

आधी इकडची खबरबात देते, म्हणजे धीर येईल. लखनौत, निशातगंजच्या बाजूला आमचं चर्च आहे. तिथला तरुण संघ मी चालवते. डिसेंबर लागला की संघाच्या ग्रुपवर रोज संध्याकाळी माझा मजकूर जातो — नाताळच्या नाटकाची तालीम कुठवर आली, केक कुणाकडून येणार, मेंढपाळांपैकी कोण तापानं पडलं. यंदा देवदूतांच्या झग्यांसाठी चौक बाजारातून चिकनकारीचं कापड आणलं, तर आमचा अनुग्रह इतका उंच झालाय की झगा त्याच्या गुडघ्यावरच थांबला. पोरं हसून हसून लोळली. फार जीव आहे माझा या पोरांवर.

मजकुराच्या शेवटी मी लहानपणची एखादी आठवण लिहिते. हिंदीत, आमच्यात मराठी घर माझं एकटीचं. आणि पोरांना सगळ्यात आवडते ती आत्याची आठवण. इथल्याच मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत, कडाक्याच्या थंडीत, माझी आत्या हातात टाळ घेऊन घरोघरी नाताळची गाणी म्हणत जाणाऱ्या कॅरलफेरीच्या सगळ्यात पुढं चालायची. मराठीत गायची. लोक दारं उघडून बाहेर यायचे आणि ठेका धरायचे. दर वर्षी मी ते लिहिते, आणि दर वर्षी ते थोडं आणखी गोड होतं. मागे पोरांनी आमच्या फेरीला नावच देऊन टाकलं — आत्या की टोली.

आत्या खरी आहे. टाळ खरे आहेत. बाकीचं —

थांबा. आत्या कोण, ते आधी सांगायला हवं.

माझे बाबा रेल्वेत इंजिनिअर. मी सातवीत असताना आईचं मोठं ऑपरेशन झालं, आणि घर सांभाळायला बाबांची थोरली बहीण नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून आली. लग्न केलेलं नव्हतं तिनं. गावात रविवारी मुलांची शब्बाथ शाळा घ्यायची, आणि गावच्या चर्चमध्ये भजनाच्या चालीवर येशूची गाणी टाळ वाजवत म्हणायची. आवाज असा की स्वयंपाकघरातून गेटपर्यंत पोचावा. हिंदी मात्र भयंकर. सब्जीवाल्याला म्हणायची, ‘भैया, ये भेंडी जून है, कोवळी दो.’ तो बिचारा गोंधळून माझ्याकडं बघायचा. मी दुसरीकडं बघायचे.

कळतंय ना, मी कुठं चाललेय ते?

नोव्हेंबरात एका रविवारी उपासनेनंतर तिनं तरुणांना एक गाणं म्हणून दाखवलं. मन लावून, डोळे मिटून, टाळ वाजवत. संघात गिटार होती, इंग्रजी कॅरल होती, मुलींच्या गळ्यात लोकरीचे मफलर होते. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, ‘ये तो कीर्तन है यार.’ सगळे हसले. मीही हसले. सगळ्यांच्या आधी थांबलेही नाही.

आत्याला ते ऐकू गेलं नसावं, कारण ती खूश होती. संघाचे लीडर डेव्हिड भैया भला माणूस. ते तिला म्हणाले, फेरीला आमच्याबरोबर चला. मग काय — आठवडाभर तिचा सराव. करंज्यांचा डबा भरला, फेरीतल्या पोरांसाठी. बाबांचे जुने मोजे आणि टोपी शोधून ठेवली. आई पलंगावरून म्हणाली, ‘वन्सं, तुम्ही अगदी लहान झालात हो!’

आणि मी काय केलं?

फेरीच्या दिवशी दुपारी डेव्हिड भैयांना जाऊन सांगितलं, ‘हमारे यहाँ मत आइए, मम्मी की तबीयत ठीक नहीं है. आत्या भी नहीं आ पाएँगी.’ घरी येऊन आत्याला सांगितलं की कोहऱ्यामुळं फेरी रद्द झाली. धुकं होतंच बाहेर, तिनं लगेच मानलं. मग मैत्रिणीकडं अभ्यासाला जाते म्हणून निघाले. निघताना ती फेरीसाठी नेसलेली साडी बदलून दाराशी उभी होती. ‘लवकर ये गं मिनी, फार गारठा आहे,’ म्हणाली.

मी गायले. इतकी खुशीत मी कधी गायले नव्हते — हेच सांगायला सगळ्यात जड जातं. आमची गल्ली सोडून फेरी मागच्या गल्लीत गेली. घरांच्या दोन रांगांमध्ये फक्त एक मैदान. धुक्यात दिसत काही नाही, पण ऐकू सगळं येतं. मला ते तेव्हाही माहीत होतं.

परत आले तेव्हा माझा घसा पार बसलेला. ‘पाणी दे’ एवढंही धड उमटेना. आत्यानं माझ्याकडं पाहिलं. जरा जास्त वेळ पाहिलं. मग म्हणाली, ‘थंडीनं बसला वाटतं,’ आणि ज्येष्ठमधाची काडी आणून माझ्या हातात दिली. बस. पुढं कधी एक शब्द नाही. करंज्या सकाळी माझ्याच हातानं शेजारीपाजारी वाटायला लावल्या. आई हिंडूफिरू लागल्यावर, ईस्टरच्या आधी, ती गावी परत गेली.

आता आत्यानं ऐंशी ओलांडलीय. नगरला माझ्या चुलतभावाकडं असते. या महिन्यात पोरांनी माझ्या लेकीकडून गुपचूप नंबर मिळवला आणि तालमीनंतर तिला व्हिडिओ कॉल लावला — मला सरप्राइज म्हणून! सगळे फोनभोवती दाटीवाटीनं उभे. संघातल्या रियानं विचारलं, ‘आत्याजी, आप सबसे आगे चलती थीं ना? टाळ लेकर?’

आत्यानं फोन डोळ्यांजवळ धरला. त्या गर्दीत तिचे डोळे मला शोधत होते. सापडले मी. मला वाटलं, आता संपलं.

‘हाँ हाँ,’ ती म्हणाली, ‘बहुत चलती थी! ठंडी कितनी होती थी बाबा. और ये मिनी ना — मेरा हाथ पकड़के चलती थी.’

पोरांनी टाळ्या पिटल्या. तिनं एक कडवं म्हणूनही दाखवलं. आवाज आता पातळ झालाय. नंतर मी फोन घेऊन व्हरांड्यात गेले. दोघीच होतो. वेळ होता, शब्दही होते. ‘आत्या, मी —’ एवढं म्हटलं. ती थांबली. खरंच थांबली हो, मला बोलू द्यायला.

मी विचारलं, ‘जेवलीस का?’

‘जेवले गं,’ ती म्हणाली. ‘पोरं गुणाची आहेत तुझी. जप त्यांना.’

परवा आमची फेरी निघाली. मी पुढं होते. अनुग्रह माझ्या शेजारी येऊन म्हणाला, ‘दीदी, आत्याजी भी ऐसे ही चलती थीं?’

‘हाँ,’ मी म्हटलं, ‘बिल्कुल ऐसे ही.’