सुभाषला परत घ्यावं की नाही

बास्केटबॉल हा खेळ पृथ्वीतलावर ज्या कोणाला पूर्ण कळला असेल, त्यांत पहिला नंबर आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींचा लागेल, असं माझं आजही ठाम मत आहे. आयुष्यात त्यांनी चेंडूला हात लावला नव्हता. वेंगुर्ल्याकडच्या एका वाडीतून लग्न होऊन त्या परळला आल्या, यजमानांची गिरणी संपात बंद पडली, ते विक्रोळीच्या एका कारखान्यात वॉचमन झाले आणि बिऱ्हाड मुलुंडला आमच्या कॉलनीत आलं. गॅलरीखाली सिमेंटचं बास्केटबॉलचं मैदान होतं. दुसरी एखादी बाई रोजच्या धपधप आवाजाला कंटाळून सोसायटीकडे तक्रार घेऊन गेली असती. मावशी सूप आणि तांदूळ घेऊन गॅलरीत बसल्या आणि वर्षभरात त्यांनी तो खेळ निवडून, पाखडून साफ केला.

त्यांना नियमांची इंग्रजी नावं येत नसत. चेंडू न आपटता कोणी दोन पावलांहून जास्त टाकली, की वरून आवाज यायचा, "चललो रे, चललो!" पंचाची शिट्टी त्यानंतर वाजायची. बाहेरून आलेले पंच पहिल्या दिवशी रागाने वर बघत. दुसऱ्या दिवशी ते शिट्टी तोंडात धरून आधी वर बघत आणि मग वाजवत. एकदा मी मैदानावर सराव घेत होतो. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि मंडळाचा सेक्रेटरी होतो, म्हणून मावशी मला नावाने हाक न मारता "सेक्रेटरी" म्हणत. तर त्या वरून म्हणाल्या, "सेक्रेटरी, तुझी रिंग डाव्या अंगाक कलली हा. आवाज बघ कसो फुटको येता." मी हसलो. संध्याकाळी हसणं बाजूला ठेवून शिडी लावली आणि मोजलं. रिंग डावीकडे बरोबर दोन बोटं खाली आली होती. तेव्हापासून मी मावशींपुढे बसताना मांडी नीट घालून बसू लागलो.

पण त्यांची खरी विद्या निराळी होती. मैदानाकडे पाठ करून, तांदळातले खडे वेचता वेचता, नुसत्या आवाजावरून त्या खाली कोण खेळतंय ते सांगत. "ह्यो पक्या. चेंडू आपटता की कपडे धुता?" "ह्यो नवीन कोण तरी. घाबारता." सुभाषचा आवाज मात्र त्या हात थांबवून ऐकत.

सुभाष तळमजल्यावरचा. सव्वासहा फूट उंच, आणि उडी अशी की खाली यायचं विसरलाय की काय असं वाटावं. आमच्या मंडळाला जे काही दोन-चार कप मिळाले ते त्याच्या जिवावर. त्याची आई दिवसपाळीला जायची, त्यामुळे शाळेपासून त्याचं दुपारचं जेवण मावशींकडे असे. एके वर्षी अंधेरीच्या एका कंपनीने त्याला नोकरी दिली, अट एकच, खेळायचं कंपनीकडून. तो गेला. जाताना आख्ख्या कॉलनीला सांगून गेला, फक्त तिसऱ्या मजल्यावर चढला नाही. त्याच हिवाळ्यात आमच्याच मैदानावर आमच्याविरुद्ध शेवटच्या क्षणी त्याने चेंडू टाकला आणि आम्ही एका गुणाने हरलो. खाली पोरं त्याच्या नावाने ओरडत होती. मावशींनी गॅलरीचं दार लावून घेतलं. मग चार वर्षं त्यांच्या तोंडून त्याचं नाव आलं नाही. विषय निघालाच तर म्हणत, "सगळ्यांका सांगल्यान, माका सांगल्यान नाय," आणि सूप जरा जोरात हलवत.

चार वर्षांनी सुभाषचा निरोप आला. त्याला परत आमच्याकडून खेळायचं होतं.

कॉलनीचे दोन तुकडे झाले. ते साल आमच्यासाठी वाईट होतं, आणखी दोन सामने हरलो असतो तर खालच्या गटात ढकलले गेलो असतो. बँकेतले जोशीकाका म्हणाले, "निष्ठा म्हणून काही चीज असते की नाही? तिकडे डाळ शिजली नाही म्हणून आता इकडे पातेलं!" पक्या आमचा कॅप्टन. तो म्हणाला, "ओ काका, तुम्ही तीन बँका बदलल्या, तेव्हा कोणी काही बोललं?" "बँका नाही, शाखा बदलल्या!" जोशीकाका कडाडले. पाण्याच्या टाकीपाशी, रेशनच्या रांगेत, गणपतीच्या वर्गणीच्या यादीवरसुद्धा हाच वाद. सख्खे भाऊ चार दिवस बोलत नव्हते. मावशी एक शब्द बोलत नव्हत्या, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटत होती.

शनिवारी सुभाष स्वतः आला. बूट चढवले आणि पोरांबरोबर दहा मिनिटं खेळला. सात चेंडू टाकले, सातही आत. पक्याने तर शिट्ट्या मारल्या. "झकास! बस, कप आपला!" मी वर पाहिलं. मावशी मैदानाकडे पाठ करून बसल्या होत्या. हात थांबला होता.

रविवारी सकाळी मंडळाची सभा भरली. मावशी कधी सभेला येत नसत. त्या दिवशी आल्या, पदर खोचून, आणि थेट जोशीकाकांच्या समोर उभ्या राहिल्या.

"भांडान झाला आसात तर मी एक सांगतंय. त्येचो डावो गुडघो गेलो आसा."

कोणाला काही कळेना. पक्या म्हणाला, "मावशी, काल सातच्या सात टाकले त्याने!"

"टाकल्यान. पण उडी खंय होती? आधी खाली येताना दोन्ही पाय एकदम टेकायचे. आता उजवो आधी टेकता, डावो मागसून, भियत भियत. ह्यो तुमका कप आणून देवचो नाय. तरी व्हयो काय, ता सांगा."

सुभाष दाराशी उभा होता. त्याचा चेहरा उतरला. "खरंय," तो म्हणाला. "डॉक्टरांनी उडी मारायची नाही म्हणून सांगितलंय. कंपनीने टीममधून काढून पाळीवर टाकलंय. मी सांगणार होतो."

"कधी? हरल्यार?" मावशी म्हणाल्या.

गंमत अशी झाली, की त्याला घ्या म्हणून घसा फोडणारे सगळे जमिनीकडे बघायला लागले. पक्यासुद्धा. मग जोशीकाकांनी चष्मा काढला, पुसला, आणि कोणाकडेही न बघता विचारलं, "पण पास तर देता येतो ना रे तुला?"

"येतो काका."

मावशींनी हात वर केला. सभेतला पहिला हात. "घराक इलेल्या माणसाक आधी पाणी देतत. बाकीची गजाल मगे." आणि मग एकेक करत सगळे हात वर गेले, पक्याचा जरा उशिरा.

सभा संपल्यावर सुभाष तिसऱ्या मजल्यावर चढला. मीही मागोमाग गेलो. मावशींनी त्याला तांब्याभांडं दिलं. तो उभ्याउभ्याच म्हणाला, "मावशी, तेव्हा तुम्हाला सांगायला वर आलो असतो ना, तर मी गेलोच नसतो."

"म्हायत आसा माका," त्या म्हणाल्या. "बस. जेवन जा."

त्या मोसमात आम्ही कप वगैरे काही जिंकला नाही. सुभाष रिंगखाली खांबासारखा उभा राहायचा, चेंडू झेलायचा आणि ज्याच्याकडे कोणाचं लक्ष नाही अशा पोराच्या हातात अचूक ठेवायचा. त्यातून पक्यासारख्या धोबीघाटी खेळाडूनेही एका सामन्यात अठरा गुण केले. शेवटचा सामना तीन गुणांनी जिंकून आम्ही आमच्या गटात कसेबसे टिकलो, तेव्हा जोशीकाका सुभाषच्या गळ्यात पडून रडले, आणि नंतर म्हणाले की डोळ्यांत सिमेंट गेलं.

दोन वर्षांनी यजमान निवृत्त झाले आणि मावशी गावी गेल्या. दर हिवाळ्यात त्यांचं एक पोस्टकार्ड येई, कोणा शेजारणीच्या हातून लिहून घेतलेलं: "कोण कोण खेळलो ता आधी कळव. जिंकलो-हरलो मगे." मी आणि सुभाष मैदानाच्या कठड्यावर बसून चार-चार पानं उत्तर लिहायचो. पुढे पुढे सुभाष खेळायचा थांबला, नव्या पोरांना शिकवू लागला, तेही सगळं आम्ही कळवलं. एका हिवाळ्यात पोस्टकार्ड आलं नाही. पुढच्याही आलं नाही. मी सुभाषला विचारलं, "काय करायचं रे?"

तो खेळणाऱ्या पोरांकडे वळून बसला. मग म्हणाला, "तू लिही. मी नावं सांगतो."